पितळी बूच आणि आमचे व्याही

आमच्या व्याह्यांनी मला जितक्या वेळा मरणाच्या दारापर्यंत नेऊन, वाटेत चहा पाजून, पुन्हा सुखरूप घरी आणून सोडलं आहे, तितक्या वेळा जगाच्या पाठीवर कुठल्याही व्याह्यानं दुसऱ्या व्याह्याला नेलं नसेल. आमची एकुलती एक लेक त्यांच्या घरात दिलेली. मुलीच्या बापाला काय काय सोसावं लागतं याची मला कल्पना होती. मानपान, रुसवेफुगवे, विहीणबाईंची साडी, सगळ्याची मनाची तयारी केली होती. पण व्याह्यांकडे होडी असेल हे काही पत्रिकेत दिसलं नव्हतं. मी बेळगावात एका शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं, आणि पाण्याची मला इतकी भीती, की अंघोळीला बसलो तरी पहिला तांब्या पायावर घालून अंदाज घेतो. पोहण्याचा प्रश्नच येत नाही.

व्याही बेळगावाजवळ मच्छ्याला राहतात. तिथल्याच एका कारखान्यात त्यांनी उभी हयात लेथवर काढली. निवृत्त झाल्यावर माणसं जमिनीचा तुकडा घेतात, गुडघ्यांवर इलाज करतात. यांनी कारवारकडून एक जुनी फायबरची होडी आणली, मागं लावायच्या मशीनसकट. दर रविवारी ती ट्रॉलीवर चढवायची, जीपला जोडायची, निपाणीच्या रस्त्याला लागायचं आणि मध्येच हमरस्ता सोडून एका धरणाच्या मागच्या पाण्याशी जायचं. तिथं होडी सोडायची आणि गळ टाकून बसायचं. दोन वर्षांत त्यांनी धरलेल्या चिलापी मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकतो. त्यांना मासे नकोच होते मुळी. त्यांना मशीन चालू करायचं होतं, आणि ते चालू असताना शेजारी कुणीतरी ऐकायला हवं होतं. "आप्पा एकटेच जातात हो पाण्यात," असं लेक एकदा सासऱ्यांबद्दल फोनवर म्हणाली, "तुम्ही बरोबर असलात की आम्हाला घोर नाही." मी बुडालो तर आप्पांना काय उपयोग होणार, हा प्रश्न जिभेवर आला होता. पण लेकीच्या सासरी नाही म्हणायचं धैर्य मला आजवर झालेलं नाही, आणि तेव्हापासून शनिवारी दुपारपासूनच मी आभाळात पावसाचे ढग शोधायला लागलो.

व्याह्यांचा जीव होडीत नव्हता, तो होडीच्या दुखण्यांत होता. मशीन दोरी ओढून चालू करायचं असे; ते पहिल्या दोरीला लागलं तर व्याही हिरमुसायचे. घराच्या अंगणात पत्र्याचं एक मोठं पिंप पाण्यानं भरून ठेवलेलं असे. त्यात मशीन उभं करून चालवायचं, आणि डोळे मिटून ऐकायचं. "पाव्हणं, ऐका की. खोकतंय बघा जरा. कार्बोरेटरात कचरा हाय." मला नुसता धडधडाट ऐकू यायचा, तोही मशीनचा की माझ्या छातीचा हे कळत नसे. मशीनशी ते दोन भाषांत बोलत. शिव्या मराठीत आणि लाडीगोडी कन्नडमध्ये. "आदीच्या मालकाकडं कन्नड ऐकत वाढलंय, मायेनं बोलायचं तर त्याच्याच भाषंत बोलाय पायजे," हे त्यांचं शास्त्र. दोरी ओढताना "बारप्पा, बा," म्हणजे ये रे बाबा, असं ते इतक्या मऊ आवाजात म्हणत, की विहीणबाई एकदा म्हणाल्या, "मला कवा एवढ्या मायेनं हाक मारली न्हाय ह्येंनी."

मला धडकी भरवणारी खरी गोष्ट म्हणजे त्यांची तपासणी. होडी पाण्यात ढकलण्याआधी ते मांडी घालून काठावर बसत आणि हत्यारांची खाकी पिशवी उघडत. यादी, वही असलं काही नाही. पिशवीतून एकेक वस्तू निघे आणि ती वस्तूच काम सांगे. पाना हातात आला की मशीनचे नट आवळायचे. पक्कड आली की पेट्रोलच्या नळीची पकड बघायची. स्क्रूड्रायव्हर आला की टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू ढिला करायचा. "ह्यो बंद ऱ्हायला तर टाकीला श्वास मिळत न्हाय. धा मिन्टं चालतंय मशीन, मग गुदमरून मरतंय." मरतंय हा शब्द ते माझ्याकडे बघून उच्चारत, असा माझा आपला समज. आणि सगळ्यात शेवटी, पिशवीच्या तळातून, मऊ फडक्यात गुंडाळलेलं पितळी बूच निघे. होडीच्या मागच्या अंगाला, बुडाशी, आत साचलेलं पाणी काढून टाकायला एक भोक असतं. ते या बुचानं बंद करायचं. बूच त्यांनी स्वतः लेथवर आटे पाडून बनवलेलं. सोन्यासारखं लखलखीत. "एवढं एक बसलं की मग भ्या न्हाय," असं म्हणत ते आवळून टाकायचे. होडीला मुळात भोकच कशाला ठेवतात, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. मी घरी येऊन त्या भोकाची स्वप्नं बघत असे.

तर गेल्या दसऱ्याची गोष्ट. सणाचं म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको सकाळीच मच्छ्याला गेलो. व्याह्यांनी रिवाजाप्रमाणे मला पाटावर बसवून कुंकू लावलं, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर कोरा टॉवेल घातला, हातात नारळ दिला. सोप्यात, पुढच्या पडवीत, खंडेनवमीची पूजा तशीच मांडलेली होती. खाकी पिशवी, तिच्यावर हळदकुंकू, झेंडूची फुलं, शेजारी दोन्ही वल्ही उभी. संध्याकाळी सोनं लुटून आल्याशिवाय हत्यारांना हात लावायचा नाही, हा त्या घरचा शिरस्ता. मला मनातून हायसं वाटलं, आज तरी सुटलो. तेवढ्यात व्याही म्हणाले, "पाव्हणं, औंदा सीमोल्लंघन पाण्यातनं करायचं. धरनाच्या पल्ल्याड जायाचं आणि येताना आपट्याची पानं आनायची."

"आणि हत्यारं?" मी विचारलं.

"हत्यारास्नी आज सुट्टी. मशीन हाय की आपलं!"

मी लेकीकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच विनवणी केली. मी नवा टॉवेल खांद्यावर सावरला आणि जीपमध्ये जाऊन बसलो.

त्या दिवशी काठावर तपासणी झाली नाही. पिशवीच नव्हती, तर काय तपासणार! होडी पाण्यात गेली, मशीन पहिल्या दोरीला लागलं, आणि मी तरंगायच्या नारिंगी जाकिटाचे पट्टे छातीवर आवळून मनात रामरक्षा सुरू केली. पाणी गच्च भरलेलं होतं, काळंभोर. काठावरची झाडं हळूहळू लहान होत गेली. पल्याडचा काठ काही जवळ येईना. आणि नेमकं मधोमध, जिथून दोन्ही काठ सारखेच लांब होते, तिथं मशीन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. एवढी शांतता मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. व्याह्यांनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. "बारप्पा, बा." मशीन गप्प. वल्ही मारावीत, तर तीही घरी पूजेत उभी.

मग माझ्या पायांना गार लागलं. खाली पाहिलं तर फळ्यांच्या फटींतून पाणी वर येत होतं. आता पाहा, भीतीनं माझी दातखीळ बसायची वेळ आली होती, तरी पहिला विचार मनात आला तो हा, की व्याह्यांच्या होडीत पाणी शिरलंय हे त्यांना सांगायचं कसं? वाईट दिसेल. मी नुसते पाय वर उचलून धरले. पाणी घोट्याएवढं झालं तेव्हा त्यांनीच वळून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "बूच," एवढंच म्हणाले. होडी चालत होती तोवर भोकातून पाणी फारसं आत येत नव्हतं; थांबल्याबरोबर ते भसाभसा आत शिरलं होतं. बूच घरी होतं, पिशवीच्या तळाशी, हळदकुंकू लावून घेऊन स्वस्थ पडलेलं.

ते पाण्यात गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी भोकात अंगठा कोंबला. "पाव्हणं, मी हितनं हालू शकत न्हाय. दोरी तुमी वडा." मी? मी आजवर घरातल्या मिक्सरचं बटणसुद्धा बायकोला विचारून दाबलेलं. उठलो, होडी कलली, मी ओरडलो, तेही ओरडले. दोरी ओढली, काही नाही. पाण्याची धार त्यांच्या अंगठ्याच्या कडेनं चालूच होती. मी खांद्यावरचा टॉवेल काढून पुढं केला, "हा कोंबा." तर हा गृहस्थ मान हलवून म्हणतो कसा, "मानाचा हाय त्यो! तुमास्नी घातल्याला. त्येनं भोक बुजवायचं व्हय?"

"अहो, मान राहू द्या, आधी भोक बुजवा!" मी गरजलो. सोयरीक झाल्यापासूनच्या तीन वर्षांत मी व्याह्यांपुढे आवाज चढवण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी मुकाट्यानं टॉवेल घेतला आणि पिळून पिळून भोकात कोंबला. तो सुटू नये म्हणून तळहातानं तसाच दाबून धरला. मी पुन्हा दोरीकडे वळलो, आणि कुठून कोण जाणे, डोक्यात त्यांचाच आवाज घुमला. श्वास मिळत न्हाय. भित्रा माणूस सगळं लक्षात ठेवतो हो. दोन वर्षं ते काठावर जे जे बोलले होते ते मी बुडायच्या भीतीनं पाठ केलं होतं. टाकीचं झाकण चाचपलं. हवेचा स्क्रू घट्ट बंद! नखं तुटेस्तोवर फिरवला. टाकीनं फस्सकन हवा घेतली. नळीवरचा, पेट्रोल पुढं ढकलायचा रबरी फुगा दाबला, दोरी हातात घेतली, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बारप्पा, बा." मशीन तिसऱ्या दोरीला लागलं. काठाला लागेपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलंही नाही. आपट्याची पानं राहिली ती राहिलीच.

त्यानंतर रविवार सुने झाले. मी देवाकडे जे मागत होतो ते मिळालं होतं, आणि मला ते सोसवेना. लेक सांगायची, आप्पा रोज मशीन पुसतात, पिंपात उभं करून चालवतात, ऐकत बसतात. होडीवर मात्र ताडपत्री घातलेली आहे ती काढत नाहीत. शेवटी एका रविवारी मी आपणहून मच्छ्याला गेलो. मशीन पिंपात धडधडत होतं, जागच्या जागी पाणी घुसळत होतं. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "पाव्हणं, होडी काढायची का?"

त्यांनी मशीन बंद केलं. "तुमास्नी भ्या वाटतंय न्हवं?"

"वाटतंय. पहिल्या दिवसापासनं वाटतंय."

"मला आत्ता वाटाय लागलंय," ते म्हणाले. "पान्याचं न्हाय. चाळीस वर्सं मिशनीवर काडली, कवा काय इसरलो न्हाय. आता काय काय इसरीन ह्येचं भ्या वाटतंय. तुमी मेला असता तर पोरीला काय त्वांड दावलं असतं मी?" एवढा मोठा हा माणूस, आणि मी त्याला आजवर माझ्या भीतीचं कारण समजत आलो होतो. ते आत गेले, फडक्यात गुंडाळलेलं बूच घेऊन आले आणि माझ्या हातावर ठेवलं. "ह्ये आता तुमच्याजवळ ऱ्हाऊ दे. तुमच्यासारखा भित्रा मानूस ह्ये कवा इसरायचा न्हाय."

लेकीच्या सासरहून मला पुष्कळ टॉवेल-टोप्या मिळाल्या. त्यांतला एक टॉवेल ग्रीसनं काळा झालेला कपाटात ठेवला आहे. पण हातावर बूच ठेवून दिला, एवढा मान मला आजवर कुणी दिला नव्हता. त्याच दिवशी काठावर ते पिशवी उघडून बसले. त्यांच्या हातात एकेक हत्यार आलं, एकेक काम झालं, आणि सगळ्यात शेवटी मी खिशातून बूच काढलं, फडकं सोडलं आणि बसवलं. आवळलं, पुन्हा आवळलं, चार वेळा हात लावून पाहिला. होडी पाण्यात गेली, मशीन पहिल्या दोरीला लागलं. व्याही पाण्याकडे तोंड करून बसले होते, आणि त्यांच्या एका हातात माझ्या सदऱ्याची बाही होती, घट्ट धरलेली. ती त्यांनी परतीच्या काठापर्यंत सोडली नाही, आणि मीही सोडवून घेतली नाही.