आधी बाटली, मग माणूस

उस्तादाच्या अंगावर एकोणतीस टाके होते आणि प्रत्येक टाक्याला एका पेयाचं नाव होतं. भुवईवरचे तीन बिअरच्या मगाचे. कानामागचे पाच रमच्या बाटलीचे, आणि ती बाटली रिकामी होती याचा त्याला अजून राग होता. भरलेली असती तर निदान मारणाऱ्याचंही काही गेलं असतं. डाव्या खांद्याचं हाड सोड्याच्या क्रेटने मोडलं होतं, पण सोड्याला तो पेय मानत नसे, म्हणून ते या यादीत नाही.

तीस वर्षं तो एकाच काउंटरमागे उभा होता. या तीस वर्षांत त्याने स्वतः कुणावर हात उगारला नाही. सज्जनपणाचा यात काही संबंध नव्हता. त्याचे हात कायम कशात तरी गुंतलेले असत, आणि ते ज्यात गुंतलेले असत ते त्याला माणसांपेक्षा जास्त आवडे, एवढंच.

त्याला हे काम शिकवलं ते एका म्हाताऱ्या बारटेंडरने. म्हाताऱ्याची शिकवण्याची पद्धत अशी, की बोलता बोलता, काही एक न सांगता, तो कोपराने फळीवरची बाटली ढकलून द्यायचा. झेलली तर बोलणं पुढे चालू. फुटली तर स्टीलचा शेकर बोटांच्या पेरांवर. "माणूस पडला तर उठतो," म्हातारा म्हणायचा, "बाटली उठल्याचं मी तरी पाहिलं नाही. आधी बाटली, मग माणूस." पहिल्या वर्षात उस्तादाची बोटं इतकी सुजलेली असत की त्याची आई त्याला घास भरवी, आणि बारमध्ये काम करतो म्हणून त्याच घासागणिक शिव्याही देई. दुसऱ्या वर्षी सूज उतरली. बाटली कलंडायला लागली की ती त्याच्या हातात असे. मधे डोकं लागत नसे.

त्याचा धाकटा भाऊ त्याच बारच्या दारावर होता. त्याचं पाळण्यातलं नाव घरच्यांनाही आठवून सांगावं लागे. सगळे त्याला 'दरवाजा' म्हणत. उंचीला बेताचा, रुंदीला मात्र नावाला जागणारा. थोरल्याने काउंटरवरून भुवई उचलली की हा आत यायचा, बोट दाखवलेल्या माणसाला गचांडी धरून उचलायचा आणि रस्त्यावर ठेवून यायचा. 'फेकणे' हा शब्द त्याला आवडत नसे. ठेवलेल्या माणसांपैकी काहींचे दात मात्र आतच राहत, आणि ते झाडताना सापडत.

मालक गेले आणि बार त्यांच्या मुलीकडे आला. ती दोन वर्षं बाहेर राहून कॉकटेल शिकून आली होती. तिने प्लास्टिकच्या खुर्च्या काढल्या, उंच स्टुलं आणली, भिंती गडद रंगवल्या, आणि मिरी, संत्र्याची साल, अंड्याचा पांढरा बलक असल्या गोष्टी दारूत घालायला सुरुवात केली. जुनी गिऱ्हाइकं म्हणाली, आता इथं आजारी माणसांची सोय झाली. उस्तादाला मात्र पन्नाशीत पुन्हा पालवी फुटली. दोन महिन्यांत तो असं शेकर हलवू लागला की लोक चालू बोलणं टाकून बघत बसत.

मालकीणबाईंची समजूत अशी, की महाग पेयं ठेवली की मारामाऱ्या थांबतील. मारामाऱ्या थांबल्या नाहीत, फक्त कपडे बदलले. पूर्वी डोक्यात जाड ग्लास बसायचा आणि एक सरळ खोक पडायची. आता पातळ काचेचा, लांब दांड्याचा ग्लास बसू लागला, आणि डॉक्टरला अर्धा अर्धा तास चिमट्याने काचा वेचत बसावं लागे. पूर्वीचे लोक आईवरून शिव्या देऊन मारत. आताचे आधी जाकीट काढून घडी घालत, मग मारत.

अशाच एका घडी घातलेल्या जाकिटाने दरवाजाच्या डाव्या डोळ्यावर ठोसा मारला. बोटात जाड अंगठी होती. डोळ्याच्या डॉक्टरांनी पडदा जागेवर बसवला आणि सांगितलं, "मी चिकटवून दिलाय. पण आणखी एक फटका बसला तर माझ्याकडे येऊ नका, कारण मग माझ्याकडे करण्यासारखं काही उरणार नाही."

भावजयीने त्याच संध्याकाळी थोरल्याला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. तिघं एकाच घरात राहत. थोरल्याने लग्न केलं नव्हतं, पण बोलणी खायची सोय त्यामुळे चुकली नव्हती.

"भाऊजी, तुमच्या बारमध्ये लोक प्यायला येतात की एकमेकांचे नकाशे बदलायला?"

"दोन्ही. प्यायला आधी."

"थट्टा नकोय. यांचं दार बंद. उद्यापासून बंद. तुमच्या भुवईवर नाचतात ना ते? मग तुम्हीच खाली उतरवा."

"मी त्याला काउंटरमागे घेतो. माझ्या शेजारी. तिथं मी आहे."

"तिथं तुम्ही आहात," ती म्हणाली. "डोळा गेला तर मी तुम्हाला विचारीन. त्यांना नाही, तुम्हाला."

"विचार."

मालकीणबाईंनी होकार दिला. दाराला नवा माणूस बघितला. आणि बारमधल्या लोकांना एक नवीन करमणूक मिळाली. नारळ फोडावा तशी माणसं फोडलेले ते दोन पंजे लांब चमचा धरून ग्लासात गोल गोल फिरवत होते. चमचा टाळदिशी ग्लासावर आपटे. उस्ताद म्हणे, "घंटा वाजवू नकोस, शाळा सुटलेली नाही."

"दादा, हे असं किती वेळ ढवळायचं?"

"गार होईपर्यंत."

"गार झालं कसं कळणार?"

"ग्लासाकडे बघ म्हणजे कळेल. बाहेर दव धरतं. इकडे तिकडे बघायचं नाही. समोर खून पडला तरी नजर ग्लासातून काढायची नाही."

"खून पडला तर कोण बघणार?"

"तुझ्या जागी नेमलेला बघेल. तू आता दार नाहीस. तू आता ढवळणारा."

दरवाजा ऐकणाऱ्यांतला होता. लहानपणापासून थोरल्याने सांगितलं ते त्याने केलं होतं, आणि त्याचा आजवर इतरांनाच त्रास झाला होता. तिसऱ्या आठवड्यात चमच्याचा आवाज बंद झाला. एके दिवशी त्याने केलेलं पेय मालकीणबाईंनी चाखलं आणि अख्खं संपवलं. घरी जाऊन त्याने बायकोला तीन वेळा हे सांगितलं.

ज्या रविवारी ते घडलं, त्या दिवशी दुपारचे चार वाजले होते. नवा दारवान सहाला येणार होता, कारण चार वाजता कोण भांडतं? काउंटरवर दोन साडू बसले होते, एक दातांचा डॉक्टर, दुसरा विमा विकणारा. दोघांच्या बायका, म्हणजे सख्ख्या बहिणी, कुठेतरी खरेदीला गेल्या होत्या आणि यांना एकमेकांच्या ताब्यात देऊन गेल्या होत्या.

विमेवाल्याने चुकून डॉक्टरच्या ग्लासातला घोट घेतला.

"तो माझा आहे."

"कळलं चवीवरून. तुझ्यासारखाच आहे, वरून फेस आणि खाली पाणी."

"सासऱ्यांच्या दुकानावर जगणाऱ्याने पाण्याबद्दल बोलू नये."

"आणि तू? सासूची कवळी तीनदा करून दिलीस, तिन्ही वेळा ती जेवताना ताटात पडली!"

उस्ताद एका हाताने शेकर हलवत होता. त्याने सवयीने भुवई उचलली, मग दार रिकामं आहे हे आठवून पुन्हा खाली घेतली. दरवाजा शेजारी ढवळत होता. त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती, पण नजर ग्लासात होती.

डॉक्टरने विमेवाल्याच्या मानेवर हात ठेवला आणि त्याचं तोंड काउंटरवर आपटलं. एकदा, मग नीट बसलं नाही म्हणून पुन्हा. दुसऱ्या वेळी नाक फुटल्याचा आवाज झाला, ओली फांदी मोडावी तसा. बर्फाच्या भांड्यात रक्ताची चिळकांडी गेली. विमेवाला मागे कोसळला, उठला, आणि उठताना स्टूल घेऊनच उठला. पहिला घाव डॉक्टरच्या बरगडीवर बसला. दुसऱ्यासाठी त्याने स्टूल डोक्यावर उगारलं, पण रक्ताने डोळे भरलेले होते, त्यामुळे स्टूल काउंटर ओलांडून मागच्या फळीवर गेलं. फळीचा एक कोपरा सुटला.

फळीच्या टोकाला एक निळी बाटली होती. कडू औषधींचा अर्क, थेंबाने वापरायचा. तो बनवणारा कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली होती. बाटली कलंडली.

त्याच क्षणी बरगडी धरून वाकलेल्या डॉक्टरने हाताला आला तो जड बुडाचा ग्लास उचलून साडूवर भिरकावला. साडूला तो लागला नाही. ग्लास डाव्या बाजूने काउंटरमागे येऊ लागला.

उस्तादाच्या उजव्या हातात शेकर होता. डावा मोकळा होता. एक हात उंचीवर बाटली, एक हात अंतरावर भावाचा खांदा. त्याला दोन्ही दिसलं. पुढे कितीही वेळा स्वतःशी घोळवलं तरी, दोन्ही दिसलं यात त्याला फट सापडली नाही. डावा हात वर गेला.

बाटलीची मान त्याच्या बोटांत अलगद येऊन बसली. खाली दरवाजा, ज्याने आयुष्यभर भांडणात पुढे पाऊल टाकलं होतं, तो सांगितल्याप्रमाणे ग्लासाकडे बघत उभा होता. तो ओरडला नाही. फक्त चमचा ग्लासावर वाजला, कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा.

डोळा गेला. डोळ्याच्या डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं तसं त्यांच्याकडे करण्यासारखं काही नव्हतं. वॉर्डात दरवाजाने विचारलं, "दादा, तुला दिसला होता का ग्लास?"

"नाही रे. मी वर बघत होतो. मला कुठून दिसणार?"

"मग काय. नशीब." त्याने थोरल्याचा हात थोपटला. धाकट्याने धीर दिला आणि थोरल्याने तो घेतला.

भावजयीने मात्र जे विचारायचं कबूल केलं होतं ते विचारलं नाही. ती नुसतं वाढायची. हे जास्त वाईट होतं.

आणि मग बारच्या कॅमेऱ्यातली चित्रफीत बाहेर गेली. मालकीणबाईंचं म्हणणं, ती आपण टाकली नाही. टाकली असो वा नसो, पुसली तर नाहीच. अकरा सेकंदांची फीत. स्टूल येतं, फळी सुटते, आणि पांढऱ्या केसांचा एक माणूस शेकरचा ताल न चुकवता वरच्यावर बाटली झेलतो. कोणीतरी ती संथ करून फिरवली. गावभरच्या बारमधले लोक त्याला बघायला येऊ लागले. "उस्ताद, तोच हात ना?" म्हणून डावा हात हातात घेत. एकाने त्या झेलाच्या नावाचं कॉकटेल काढलं. फितीच्या खालच्या कोपऱ्यात एक रुंद माणूस तोंडावर हात धरून फळीखाली जातो, पण लोक वर बघत असल्यामुळे तो कुणाला दिसत नसे.

अशाच एका रविवारी सकाळी धाकट्याने त्याला खोलीत हाक मारली. दरवाजा पलंगाच्या काठावर बसला होता. डाव्या डोळ्यावर पट्टी, हातात फोन.

"बस, दादा. हे बघ. शेजारच्याने पाठवलंय. म्हणाला, तुझा भाऊ बघ काय हुशार."

"बंद कर ते."

"थांब ना. इथं थांबवतो. हे. इथं बाटली कलंडतेय, अजून फळीवरून सुटलेली नाही, बघ. तू कुठं बघतोयस?"

फोनवरचा उस्ताद फेकलेल्या ग्लासाकडे बघत होता. सरळ, डोळे उघडे ठेवून.

"सांग ना. मला आता एकाच डोळ्याने बघावं लागतं, माझी चूक होत असेल."

"चूक नाही," उस्ताद म्हणाला. "मला दिसला होता. तूही दिसत होतास. हात बाटलीकडे गेला. मी वॉर्डात खोटं बोललो."

दरवाजा उठला. उभ्या आयुष्यात त्याने थोरल्यापुढे आवाजही चढवला नव्हता. त्याने खांदा मागे घेतला आणि ठोसा मारला. अख्ख्या वस्तीत माहीत असलेला, कधी न चुकणारा ठोसा. उस्ताद जागचा हलला नाही. ठोसा त्याच्या कानाजवळून गेला आणि कपाटाच्या दारात शिरला. फळी फाटली. पेरांची साल निघाली.

दरवाजा आपल्या मुठीकडे बघत राहिला, दुसऱ्या कुणाची असल्यासारखा. समोर उभा असलेला, न हलणारा माणूस त्याला हातभर अंतरावरून लागला नव्हता. पट्टीखालून पाणी आलं आणि त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. थोरल्याला कळलं की डोळा गेल्याचं त्याला आत्ता कळलंय.

"पुन्हा मार," उस्ताद म्हणाला.

"लागत नाही, दादा."

"मार म्हणतो ना! आयुष्यभर ऐकलंस, आत्ताच काय झालं?"

दुसरा ठोसाही त्याच बाजूला निघाला. उस्तादाने अंदाज घेतला, चार बोटं डावीकडे सरकला आणि तोंड पुढे केलं. जबडा खटकन वाजला, दोन दात जिभेवर आले, आणि तो कपाटाला घासत खाली बसला. हनुवटीवरून रक्त छातीवर उतरलं.

"बसला?" दरवाजाने विचारलं.

"बसला."

"तू सरकलास."

"नाही."

"सरकलास. पुन्हा खोटं बोलतोयस."

उस्तादाने दात तळहातावर घेतले आणि या वेळी खोटं बोलला नाही. होकाराची मान हलवली. धाकटा त्याच्यासमोर जमिनीवर बसला, सोललेली मूठ मांडीवर ठेवून.

आवाजाने भावजय आली. तिने फाटलेलं कपाट पाहिलं, नवऱ्याची मूठ पाहिली, दिराचं तोंड पाहिलं. ती आत गेली आणि ओलं फडकं घेऊन आली. फडकं एकच होतं. क्षणभर ती दोघांच्या मधे उभी राहिली, मग तिने ते नवऱ्याच्या हाताला गुंडाळलं.

"तुमचं तुम्ही धुवा, भाऊजी," ती म्हणाली. "नळ तुम्हाला दिसतो."