काचेवर वचन असलेली गाडी

आम्ही बडोद्याला तरसालीत राहायचो. वडील रेल्वेत होते, मूळचे नगरकडचे. आमच्या सोसायटीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. त्या वर्षांत गुजरातेत कुठे कुठे चर्चवर दगड पडल्याच्या बातम्या यायच्या. मी कॉलेजला निघाले की आई बजावायची, "कुणी विचारलं तर मराठी आहोत, एवढंच सांग."

एका रविवारी दुपारी करजणच्या रस्त्यावर एका मोटारीनं आमच्या दूधवाल्याला सायकलसकट उडवलं आणि ती थांबलीच नाही. तो वाचला, पण त्याचा पाय मोडला. गाडीचा नंबर कुणी पाहिला नाही. पण मागच्या काचेवर येशूचं वचन चिकटवलेलं होतं, ते मात्र सगळ्यांनी वाचलं. संध्याकाळपर्यंत सोसायटीत एकच बोलणं होतं, ख्रिस्त्यांच्या गाडीनं मारलं.

शेजारच्या बेन रोज जिन्यात थांबून बोलायच्या. त्या दिवशी मला पाहून त्यांनी दार लोटलं आणि आतून म्हणाल्या, "तमे लोको तो बहु दयानी वातो करो छो." दयेच्या गोष्टी तर तुम्ही लोक फार करता, असं. मी तशीच वर गेले आणि कडी लावली.

गाडी कुणाची ते वडिलांनी काचेवरच्या वचनावरून ओळखलं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका काकांची. रविवारच्या शाळेत त्यांनीच मला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी चर्चचे पाळकसाहेब घरी आले. खिडकी लावून घ्यायला सांगून हलक्या आवाजात म्हणाले, "आत्ता कुणी तोंड उघडू नका. एकाचं नाव निघालं तर सगळी मंडळी भोगेल."

आईनं लगेच मान हलवली. वडील म्हणाले, "भोगतोच आहोत, साहेब. गाडी कुणाची ते कळत नाही तोवर ती आपल्या सगळ्यांची आहे."

पुढच्या सकाळी वडील काकांकडे निघाले. त्यांना एकटं सोडायची भीती वाटली म्हणून मीही गेले. अंगणात गाडी ताडपत्रीखाली झाकलेली होती. काका आम्हाला पाहून खाली बसले.

"लोक धावत येत होते," ते म्हणाले. "मी ख्रिस्ती आहे हे काचेवरच लिहिलेलं. त्यांनी जिवंत सोडलं नसतं."

"तुमची भीती खोटी नाही," वडील म्हणाले. "पण तो रस्त्यावर पडला होता."

काकांनी उठून चपला घातल्या. आधी पोलीस चौकीत जबाब झाला, आणि काकांच्याच म्हणण्यावरून एका हवालदाराबरोबर आम्ही दूधवाल्याकडे गेलो. गल्लीत माणसं जमत गेली. दूधवाल्याच्या भावानं काकांची कॉलर धरली. वडील मध्ये पडले तसे आणखी दोघे पुढे सरकले. आता संपलं, असंच मला वाटलं.

खाटेवरून दूधवाला म्हणाला, "मूकी दे. आव्यो तो खरो." सोड त्याला, आला तर खरा, असं. भावानं हात काढला, पण नजर काढली नाही.

दूधवाल्याचा पाय अधूच राहिला. काकांवर खटला चालला. त्याच आठवड्यात चर्चची एक काच फुटली. कशामुळे ते कळलं नाही. मंडळीतली काही माणसं वडिलांचा सलाम घेईनाशी झाली. नाव घालवलं म्हणे, त्यांनी. बेन पुढे बोलू लागल्या, पण पाणी आणि भाजीपुरतंच.

आई मात्र शेवटपर्यंत पेपरातल्या गुन्ह्याच्या बातमीत आधी नाव वाचायची, मग गुन्हा.