आकाशाचा माझा पट्टा

रेडिओ म्हटलं की आप्पांना बाजारभाव आठवायचे. आप्पा म्हणजे माझे सासरे. लातूरच्या बाजारात त्यांची अडत होती. सुनेने कॉलेजात फिजिक्स शिकवावं, इथपर्यंत त्यांची ना नव्हती. पण ही सून आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींची यादी करते आणि त्यासाठी दर उन्हाळ्यात कर्नाटकात जाऊन राहते, हे पाहुण्यांना सांगताना त्यांची पंचाईत व्हायची. "सरकारी काम हाय," एवढंच ते सांगत. सरकारी म्हटल्यावर पुढे कोणी विचारत नसे.

काम तसं समजायला अवघड नव्हतं. आकाशात अनेक ठिकाणांहून रेडिओ लहरी येत असतात. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. ही ठिकाणं शोधायची, प्रत्येकाचा जोर मोजायचा आणि सूची करायची. त्यासाठी कर्नाटकातल्या एका माळावर खांब आणि तारांचा पसारा उभा केला होता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गावजेवणाची धोतरं वाळत घालायची सोय केली आहे. हा पसारा जागचा हलत नसे. आकाशच आपसूक वरून सरकायचं आणि एका वेळी त्याचा एक अरुंद पट्टा टिपला जायचा. आत खोलीत कागदाची गुंडाळी पुढे सरकत असे, पेन रेघ ओढत असे, आणि एखादा स्रोत माथ्यावरून गेला की रेघेला हलका उंचवटा येई. तोच उंचवटा दुसऱ्या एखाद्या दिवशी त्याच जागी पुन्हा दिसला तरच तो खरा धरायचा. एकदाच दिसलेल्याला सूचीत जागा नव्हती.

पट्टे आम्ही काही जणांनी वाटून घेतले होते. माझ्या वाट्याला आलेला पट्टा मे महिन्यात दिवेलागणीनंतर माथ्यावर यायचा. कॉलेजला सुट्टी तेव्हाच असल्याने मी तो हौसेने मागून घेतला होता. मे महिन्यात संध्याकाळी वळीव येतो आणि वळवाबरोबर विजा येतात, हे मराठवाड्यात जन्म काढलेल्या बाईला सुचू नये, याचं मला अजून नवल वाटतं. वीज कुठेही चमकली, अगदी शेदोनशे कोसांवर, तरी आमच्या रेघेवर काटे उभे राहायचे आणि त्या काट्यांत उंचवटे बुडून जायचे. पहिल्या उन्हाळ्यात मी नुसते काटे गोळा करून घरी आले. दुसऱ्या उन्हाळ्यात एकच संध्याकाळ स्वच्छ मिळाली. सगळे उंचवटे त्या संध्याकाळी दिसले, सुंदर दिसले. पण एकदाच.

तिसऱ्या वर्षी सरांचं, म्हणजे सर्वेक्षण चालवणाऱ्या माझ्या मार्गदर्शकांचं पत्र आलं. सर्वेक्षण या मोसमात संपणार, जूनपासून यंत्रणा दुसऱ्या कामाला लागणार. ज्यांच्या पट्ट्याची खातरजमा झाली नसेल त्यांचा पट्टा सूचीतून वगळला जाईल. माझा पीएच.डी.चा प्रबंध त्याच पट्ट्यावर उभा होता. मला एक स्वच्छ संध्याकाळ हवी होती, बाकी काही नको होतं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि त्यात दुष्काळ पडला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागत होत्या. आता जिल्हा झाला म्हणजे पाणी येणार, असं लोक भाबडेपणाने बोलायचे, जसं काही इतके दिवस जुन्या जिल्ह्याने, उस्मानाबादनेच, ते अडवून धरलं होतं. पाणी काही आलं नाही. टँकर यायचा, तोही कधी यायचा तर कधी नाही. आमच्या घरात आम्ही तिघंच, आप्पा, नवरा आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मूलबाळ अजून नव्हतं, आणि दर उन्हाळ्यात बायको परमुलखात गेल्यावर ते होणार कधी, हा बायकांचा आवडता विषय होता. मी गेले की पाणी भरणारे दोन हात कमी होणार होते. नवरा म्हणाला, "जा तू, मी सायकलवर आणत जाईन." त्याने कॅरिअरला दोन्ही बाजूंनी कळश्या अडकवून दाखवल्या. मला त्याच्याबद्दल मायाही वाटली आणि स्वतःची लाजही वाटली.

निघताना आप्पा ओसरीवर बसले होते. म्हणाले, "तुला पाऊस नको, आमाला पाऊस पायजे. आता देवानं ऐकायचं तरी कुणाचं?"

"तुमचंच ऐकेल," मी म्हटलं. "रोज लिंगपूजा तुम्ही करता. मी कुठं करते?"

"पण तू लई शिकलेली हायेस," ते म्हणाले, आणि हसले.

निलंग्यावरून बिदरची एसटी, तिथून पुढे दोन बसा बदलून मी त्या माळावर पोचले तेव्हा अंगात त्राण उरलं नव्हतं. आकाश मात्र निरभ्र होतं. दुष्काळ तिथेही होता, वळवाचं नाव नव्हतं. असं स्वच्छ आकाश गेल्या दोन वर्षांत एकाच संध्याकाळी मिळालं होतं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. पण माझा आनंद टिकला नाही. कर्नाटकातली वीज धरणांच्या पाण्यावर चालायची आणि धरणं आटली होती. ऐन माझा पट्टा माथ्यावर यायच्या वेळेला दिवे जायचे. पेन जागच्या जागी थांबायचं आणि कागदावर शाईचा ठिपका पसरत जायचा. दुष्काळाने आकाश दिलं आणि वीज काढून घेतली. मी रोज संध्याकाळी तयार होऊन बसायचे आणि रोज रात्री कोरड्या भाताचं ताट पुढ्यात घेऊन बसायचे. चिडण्याइतकीही ताकद राहिली नव्हती. माझ्या वाट्याचा मेअखेरचा आठवडा असाच संपत आला.

शेवटच्या संध्याकाळी दिवे गेले नाहीत. पेन चालू राहिलं. पहिला उंचवटा आला, गेल्या वर्षीच्या कागदाशी ताडून पाहिला, जागच्या जागी होता. मग दुसरा. सर मागे येऊन उभे राहिले. आणि तिसरा उंचवटा चढत असतानाच पेन कडेला जाऊन आदळलं. पुन्हा आदळलं. मग काटेच काटे.

मी बाहेर धावले. डोक्यावर एक ढग नव्हता. पहारेकऱ्याला माझ्या मोडक्या कानडीत विचारलं, "मळे?" पाऊस आहे का, असं मला म्हणायचं होतं. त्याने आकाशाकडे बघून नकाराची मान हलवली. म्हणजे वीज लांब कुठेतरी होती. खोलीत सरांचा ट्रान्झिस्टर होता. तो लावून हातात धरून मी हळूहळू फिरवायला लागले. आतल्या दांडीचं टोक विजेच्या रेषेत आलं की खरखर सगळ्यात कमी होते, त्यावरून वीज कुठल्या रेषेत आहे ते कळतं. रेषा उत्तर-दक्षिण निघाली. वीज दक्षिणेला असू शकत होती, उत्तरेलाही असू शकत होती. ट्रान्झिस्टर तेवढंच सांगतो.

मी उत्तर धरली. उत्तरेला लातूर होतं.

सरांनी कागद कापून माझ्यासमोर ठेवला. त्यात घेण्यासारखं काही नव्हतं, हे मला त्यांच्याइतकंच दिसत होतं. "उद्यापासून यंत्रणा द्यावी लागेल," ते म्हणाले. "तुमचा पट्टा वगळावा लागणार." मी बरं म्हटलं. तीन उन्हाळे गेले होते, आणि तरीही मी शांत होते. कारण माझ्या डोळ्यांपुढे आमची गल्ली होती, पन्हाळीखाली मांडलेली भांडी होती, सायकल भिंतीला टेकवून भिजत उभा असलेला नवरा होता. माझं गेलं ते गेलं. घरच्यांचं झालं असेल, तर मला चालणार होतं. खरंच चालणार होतं. पहिल्यांदाच मी काट्यांचा कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला.

सकाळी ऑफिसातून आप्पांच्या दुकानावर ट्रंक कॉल लावला. लागायला बराच वेळ गेला. आप्पांनीच उचलला.

"काल पडला ना आपल्याकडे?" मी विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"विजा होत होत्या ना? इथं कळलं मला."

"हाव, विजा लई झाल्या," आप्पा म्हणाले. "ह्या टोकापासून त्या टोकापस्तोर आभाळ पेटून राहिलं होतं. अख्ख्या गल्लीनं भांडी मांडली. म्या सोता घागर ठिवली. तासभर गडगडलं अन् गेलं रेणापूरच्या अंगानं. तिथं बी न्हाई पडला म्हणत्यात. एक थेंब न्हाई."

लाइनीत खरखर होती.

"तुझं झालं का काम?"

झालं म्हणून मोकळं व्हावं, असं एकदा मनात आलं. पण आप्पांशी मी कधी खोटं बोलले नव्हते. "नाही आप्पा. कालच्याच विजांनी सगळं गेलं."

"मंग आता?"

"आता नाही. संपलं ते. मी उद्या निघते."

माझं काम काय आहे, हे त्यांनी मला तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

"आमाला सवय हाय गं," ते म्हणाले. "निदान तुझं तरी व्हायला पायजे होतं, पोरी."

मग त्यांनी फोन शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याच्या हातात दिला. तो हॅलो, हॅलो म्हणत राहिला आणि मी इकडे टेबलाला धरून रडत राहिले.