धडक मारणारी आपा

आपा आधी माणसाला आडवं करायची आणि मग विचारायची, "लागलं काय गो?" तेही पुढे निसटता निसटता. आखातातल्या अल कुसैसच्या एका गोदामात चाकांचे बूट घालून गोल फिरायचं आणि एकमेकींना धडका द्यायच्या, या रोलर डर्बी नावाच्या वेडेपणातली ती आमची स्टार. वय सेहेचाळीस, गाव रत्नागिरी, हेल्मेटखाली हिजाब. पहिल्या दिवशी मला वाटलं, काकू मुलीला सोडायला आल्यात. पाचव्या मिनिटाला मी जमिनीवर होते.

खेळताना तिचं तोंड अखंड चालू. समोर फिलिपिनो असो नाहीतर आयरिश, "सरक गं बाई, यल्ला, सरक!" आणि त्या बिचाऱ्या सरकायच्याही! कडेला बसलेली तिची लेक कपाळावर हात मारून घ्यायची, "मम्मा, प्लीज, नॉट सो लाऊड!" मॅच संपली की पाडलेल्या प्रत्येकीला डब्यातलं सांदण. "हाड मोडलं नाही ना? मग खा."

सहा सीझन तिनं गाजवले. फक्त अबू धाबीची टीम काही केल्या हरत नव्हती. अशात तिच्या मिस्टरांची नोकरी संपली, परतीची तिकिटं निघाली आणि आपानं हट्टच धरला, "जाण्याआधी त्यांना एकदा हरवणार म्हणजे हरवणार."

त्या मॅचचा शेवटचा डाव. आम्ही तीन गुणांनी मागे. समोरच्या जितक्या जणींना मागे टाकाल तितके गुण. पण सगळ्यांच्या पुढे निघालेलीनं दोन्ही हात कमरेवर आपटले की डाव तिथंच बंद, असा नियम. आपा पुढे निघाली. एक गेली, दुसरी गेली. अजून दोघी, की जिंकलो! आणि या बाईनं, जोर लावण्याआधी, घामेजले हात खसाखस कमरेला पुसले. कणीक मळून उठल्यावर आपण सगळ्याच पुसतो तसे.

शिट्टी वाजली. एका गुणानं हरलो.

मी हेल्मेट आपटून भोकाड पसरलं. मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिला सोडवतही नव्हतं. आपा हातांकडे बघत एवढंच म्हणाली, "खलास." तीन दिवसांनी ती गेली.

गेल्या आठवड्यात, मी ऑफिसात असताना तिचा व्हिडिओ आला. रत्नागिरीतल्या कुठल्याशा हॉलची फरशी, चाकांचे बूट घातलेल्या अकरा पोरी आणि त्यांच्यावर ओरडणारी आपा. खाली लिहिलं होतं, "अबू धाबीला कळव. इन्शाल्ला, पुढच्या वर्षी आम्ही येतो."

मला रडूच फुटलं. शेजारच्या टेबलवरची मल्याळी बाई घाबरून उठली, "क्या हुआ? घर पे सब ठीक?"

"सब ठीक," मी म्हटलं, "हमारी आपा आ रही है."