उंबऱ्याच्या आतपर्यंत

दगडू पैलवान आपल्या यात्रेकरूंना मारीत असत, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. गाडी पहाटे पाचला सुटणार असे ठरले असता जो सव्वापाचला वळकटी घेऊन येई, त्याच्या कानाखाली पैलवानांचा पंजा उमटे आणि मगच त्याला बसायला जागा मिळे. दारू पिऊन आलेल्या एका ड्रायव्हरला त्यांनी काष्टीच्या बाजारात, भर गर्दीत, बैलाच्या कासऱ्याने फोडून काढले आणि गाडी स्वतः हाकत नेली. पुढे त्याच ड्रायव्हरला त्यांनी स्वतः दवाखान्यात नेऊन टाके घालून घेतले. टाके घालताना तो ओरडला, म्हणून त्याला आणखी एक लगावली.

इतके असूनही त्यांच्या एकुलत्या एका गाडीची एकही जागा कधी रिकामी राहिली नाही. बायका म्हणत, "हाताचा वाईट हाय, पर आनून घालतो."

मी तालुक्याच्या कचेरीसमोर लिंबाखाली बसून अर्ज, करारनामे, कबुलायती लिहितो. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. तथापि माझा मजकूर वाचून शिकलेले वकीलही क्षणभर थांबतात, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. पैलवानांना अक्षरओळख नव्हती. ते मला 'राईटर' म्हणत आणि माझ्या पेटीवर मूठ आपटून कामास आरंभ करीत. त्या मुठीने दोन दौती फुटल्या, त्यांची भरपाई त्यांनी कधी केली नाही.

सुरतेला प्लेग आला, त्या वर्षीची गोष्ट. पितृपंधरवड्यात लग्नकार्ये नसतात, गाड्या उभ्या असतात, म्हणून पैलवान दरसाल याच दिवसांत द्वारकेची यात्रा काढीत. त्या खेपेस निघण्यापूर्वी एका निवृत्त मास्तरांनी प्रश्न काढला, "पैलवान, प्रवासाचा विमा आहे का?" कचेरीत येणाऱ्या विमा एजंटास आम्ही विचारले. तो म्हणाला, "अपघात झाला, हातपाय मोडला, तर मिळतं. साथ आली, दंगल झाली, यात्रा अर्ध्यावर मोडली, तर कंपनी बघत नाही."

"मंग काय मेल्यावर बगती व्हय?" पैलवान गरजले. "राईटर, काढ स्टँप. माज्या गाडीत इमा म्हंजी मी. लिव्ह, कायबी झालं तरी परत्येकाला घरी सोडीन."

त्यांनी सांगितले ते एवढेच. मी लिहिले ते असे: "यात्रा आस्मानी अथवा सुलतानी कोणत्याही कारणे मोडल्यास लिहून देणार हा प्रत्येक यात्रेकरूस त्याचे राहते घराचे उंबऱ्याचे आत नेऊन पोचवील, त्यात कसूर न होणेस लिहून देणाराचा देह तारण राहील." उंबरा माझा होता. देहही माझाच. दस्तास वजन यावे, एवढाच हेतू. मी मोठ्याने वाचून दाखविले. पैलवानांनी ते पुन्हा वाचायला लावले, डोळे मिटून ऐकले आणि अंगठा उठवला.

गाडी गेली. जाताना सुरत बाहेरूनच ओलांडली होती. भरूचजवळ मुक्कामात बातमी आली आणि द्वारका राहिली बाजूला. पैलवानांनी आडमार्गाने धुळ्याकडून गाडी माघारी फिरविली. वाटेत एका ढाब्यावर यात्रेकरूंना पाणी नाकारले, तेव्हा त्यांनी ढाबेवाल्याचा रांजण लाथेने फोडला आणि त्याचे डोके चुलीच्या धुरात धरून विहिरीचे पाणी काढून घेतले. केडगावला सरकारी डॉक्टरांनी सर्वांना तपासले, टेट्रासायक्लीनच्या गोळ्या दिल्या आणि कोणासही आजार नसल्याचा दाखला लिहून दिला.

तो दाखला घेऊन पैलवान माझ्या लिंबाखाली उभे राहिले. "ऊठ राईटर. शेवटचं गाव ऱ्हायलंय. लोकं तापल्यात. त्यांला वाचून दाखीव."

त्या गावाचे नाव मी लिहीत नाही. तेथली माणसे आजही माझ्याकडे कामास येतात. वेशीत बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकल्या होत्या. मागे पन्नास-साठ माणसे, काठ्या, गोफणी, दोघांच्या हाती कुऱ्हाडी. गावचे म्हणणे असे, की आलेल्यांनी पंधरा दिवस मळ्यात राहावे, गावात पाऊल टाकू नये. गाडीत त्या गावचे सातजण उरले होते. पैकी सहाजणांचे मळे होते, वस्त्या होत्या. पैलवानांनी त्या सहांना शेतातून चालत नेऊन एकेकाच्या वस्तीचा उंबरा ओलांडताना पाहिले. राहिली हौसाबाई. साठी उलटलेली, दम्याची, ना मळा ना वस्ती. तिचे घर गावात, मारुतीच्या मागे. घरात तिचा एकुलता मुलगा सर्जेराव, सून आणि दोन नातवंडे.

मी गाडीच्या पायरीवर उभा राहून दाखला वाचू लागलो. "प्रमाणित करण्यात येते की" एवढे झाले आणि पहिला दगड माझ्या कोपरावर बसला. दुसऱ्याने गाडीची काच फुटली. मी गाडीखाली शिरलो. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण घडले ते असे.

"पैलवान, म्हातारीला हितंच सोड आन गाडी फिरीव," कोणीतरी ओरडले. "तुजं आमचं वाकडं न्हाई."

"लिवून दिलंय म्या," पैलवान म्हणाले. "उंबऱ्याच्या आत."

हौसाबाईला चालवेना. त्यांनी तिला लहान लेकरासारखे दोन्ही हातांवर उचलले, पाठ गर्दीकडे केली आणि पाठमोरेच बाभळीत शिरले. काटे पाठीत मोडत गेले. आयुष्यभर ज्या हातांनी उशिरा येणाऱ्यास, आगाऊ बोलणाऱ्यास, कोणासही झोडपले, ते हात त्या दिवशी मोकळे नव्हते. काठ्या खांद्यांवर पडल्या, गोफणीचा दगड कानावर बसला आणि रक्त हौसाबाईच्या लुगड्यावर गळू लागले. ती त्यांच्या छातीत तोंड खुपसून शिव्या देत होती. गावाला, देवाला, त्यांनाही. "टाक मला खाली, मुडद्या! मरशील!"

"गप आक्का. न्हाईतर एक ठिवून दीन."

मी गाडीखालून निघून मागोमाग धावलो. घराच्या दारात सर्जेराव कुऱ्हाडीचा दांडा घेऊन उभा होता. आत नातवंडे रडत होती.

"आये, मागं फीर," तो म्हणाला. "लेकरं हायेत माजी."

"सर्जा, बाजूला हो. माजं घर हाय."

पैलवानांनी पायरीवर पाऊल ठेवले. सर्जेरावाने दांडा हाणला. कवटीवर लाकूड बसल्याचा आवाज मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. पैलवान गुडघ्यांवर आले, पण हात उघडले नाहीत. सर्जेरावाने दुसऱ्यांदा हाणला. तेव्हा ते पुढे वाकले आणि हौसाबाईला चौकटीतून आत, जमिनीवर ठेवले. मग कुशीवर पडले.

"राईटर," ते म्हणाले, "आत हाय का बग. पाय बाहीर ऱ्हायलं न्हाईत ना?"

मी पाहिले. "आत आहे," म्हणालो.

सिव्हिल हॉस्पिटलात हवालदार जबाब घ्यायला आले, तेव्हा पैलवान म्हणाले, "पायरीवरनं घसरलो." मी कानाशी वाकून म्हटले, हा खोटा जबाब आहे, यास कलम लागते. ते म्हणाले, "त्याला आत घातला तर म्हातारीला भाकरी कोन घालंल? तुजं कलम?" नवव्या दिवशी ते गेले. डॉक्टरांनी डोक्यास मार असे लिहून दिले, तरी प्लेगच म्हणत कोणी पुढे होईना. शेवटी त्यांच्या गाडीतले यात्रेकरू आले. ज्या ड्रायव्हरला त्यांनी फोडला होता, तो पुढच्या बाजूला खांदा देऊन होता.

तेराव्यानंतर हौसाबाई एस.टी.ने एकटीच माझ्या लिंबाखाली आली. धाप लागली होती.

"लिव्हा. माज्या पोरानं मारला."

मी लेखणी खाली ठेवली. "आक्का, सर्जेराव जाईल आत. मग तुमचं कोण? आणि पैलवानांनी स्वतः सांगितलंय, घसरलो."

"त्यो खोटं बोलला. लई खोटं बोलला, मुडदा." तिने पदर तोंडाशी धरला, मग सोडला. "त्येच्या हातावर मी हुते. म्या बगितलं. लिव्हा."

मी आरंभ केला, "मेहेरबान फौजदार साहेब यांचे सेवेशी, अर्जदार अत्यंत नम्रतापूर्वक..."

"त्ये नगं. म्या सांगते त्येवढंच."

तिने सांगितले तेवढेच मी लिहिले. पाच ओळी झाल्या. एकही शब्द माझा नव्हता. वाचून दाखविले. तिने अंगठा उठवला, बोट पदराला पुसले आणि समोरच्या ठाण्याकडे पाहत विचारले,

"कोनत्या दारानं जायचं?"

मी पेटी बंद केली आणि तिच्या पुढे चालू लागलो.