देव गेल्यावर उघडणारं दुकान

श्रीरामपूरच्या स्टँडवर सकाळच्या गाडीत बसलो तेव्हा आत्यानं कापडी पिशवी मांडीवर घेतली, ती परंड्यापर्यंत खाली ठेवली नाही. पिशवीत तिच्या देवघरातला टाक (चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेली देवाची छोटी प्रतिमा) होता. बोटभर उंचीचा घोड्यावरचा खंडोबा, शेजारी म्हाळसा. आत्याच्या सासूच्या सासूपासून पूजेतला. नातवाचं लग्न झालं, तो पुण्यात बिऱ्हाड थाटणार. त्याआधी टाक कुलदैवताला भेटवून आणायचा आणि नव्या सुनेच्या ओटीत घालायचा, एवढंच अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्यानं मनात धरलं होतं. तिच्या सासरचं मूळ अणदूरच्या बाजूचं. तीन पिढ्यांपूर्वी माणसं पोटापाण्यासाठी नगरकडे आली आणि इकडचीच झाली.

आत्येभाऊ, वहिनी, घरात कुणालाच सवड नव्हती. मी म्हटलं, मी नेते. मी तिची भाची, शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण. आमच्या आळीतला भाजीवाला मला लांबून येताना बघूनच काटा सरळ करतो. मला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी चारचौघांत बोलतही असे. फुशारकीनं नव्हे, अगदी खरं मानून.

सगळं मोबाईलवरच ठरवलं होतं. कुलदैवताच्या सेवेचं एक पान सापडलं, नंबर होता, फोन लावला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला की काय सांगू! अभिषेक, तळी भरणं, देवभेट, वर टाक उजळून देणं. निम्मे पैसे आधी, निम्मे तिथं. मी घासाघीस करून दोनशे कमी करून घेतले आणि दिवसभर खुशीत होते.

गाडी करमाळ्याच्या पुढे गेल्यावर आत्या एकदा म्हणाली, "सासूबाई म्हणायच्या, थंडीत देव नळदुर्गाला असतो."

"आत्या, देवाची काय बदली होते का गं? मी सगळं विचारलंय."

ती गप्प बसली. मीच तिला गप्प बसवलं, हे इथंच सांगून टाकते.

परंड्याला गाडी बदलायची होती. स्टँडवर पाण्याची बाटली घेतली तर दुकानदार छापील किमतीवर दोन रुपये जास्त मागतो. का? तर थंड केल्याचे! मी त्याला बाटलीवरची किंमत मोठ्यानं वाचून दाखवली. आजूबाजूचे चार लोक हसले, दुकानदारानं दोन रुपये परत दिले. "लई कडक हायेत बाई," असं तो शेजाऱ्याला म्हणाला, ते मला ऐकू गेलं आणि बरंही वाटलं. गाडीला तासभर अवकाश होता, म्हणून किल्ला बघून आलो. काळ्या दगडाचा भक्कम तट, खंदक, बुरुजावरच्या अवजड तोफा. आत्या पायरीवर बसून पिशवी सांभाळत होती.

बार्शीकडून येडशीला येताना दोन्ही बाजूंना ज्वारी डोलत होती. आदल्याच दिवशी येळवस (वेळ अमावस्या, रानात जाऊन पूजा करून सगळ्यांनी मिळून जेवायचा या भागातला सण) झाली होती. शेजारच्या सीटवरच्या बाईनं डबा उघडून आम्हाला उंडे (पिठाचे वाफवलेले गोळे) आणि गार भज्जी (हरभरा, तूर, वाल आणि रानातल्या पालेभाज्या घालून केलेली घट्ट भाजी) दिली. नको म्हणायची सोय नव्हती. "खावा हो, येळवशीचं हाय, न्हाय म्हनू न्हाय," असं म्हणत तिनं आत्याच्या तळहातावर ठेवलंच. असली चव मी पूर्वी घेतली नव्हती. येडशीला ती उतरली, रामलिंगाच्या डोंगराकडे बोट दाखवून म्हणाली, "येताना जाऊन या, माकडं लई हायेत, पिशवी जपा." आत्यानं पिशवी आणखी घट्ट धरली.

रात्री तुळजापूरला मुक्काम. पहाटे भवानीचं दर्शन शांतपणे झालं. बाहेर एका दुकानानं 'चपला फुकट ठेवा' अशी पाटी लावली होती आणि परत घ्यायला गेल्यावर नारळ-ओटीचं ताट घेतल्याशिवाय चपला देईना. तिथंही माझं तोंड असं काही सुटलं की त्याच्या बायकोनं आतून येऊन चपला आणून दिल्या. आत्या म्हणाली, "तू बरोबर हायेस म्हणून बरं बाई." हे वाक्य मला अजून टोचतं.

अणदूरला उतरलो तेव्हा फोनवरचा तो माणूस उभाच होता. तिशी-पस्तिशीचा, कपाळभर भंडारा (हळद), पांढरा सदरा, हातात पावतीपुस्तक. वाकून आत्याच्या पाया पडला. "आजी, पाय दुखत्यात का? बसा की माझ्या गाडीवर." रस्त्याकडेच्या एका गाळ्यात त्यानं नेलं. आत खंडोबाचा मोठा फोटो, समई, सतरंजी, एक घंटा. समोर पंक्चरचं दुकान. उरलेले पैसे घेतले, पावती फाडली, मी सही केली.

"देवाला लेप चाललाय, बायकांना सध्या आत सोडत न्हाईत," तो म्हणाला. "म्या ओलेत्यानं आत जातो, टाक देवाच्या पायाशी लावतो, उजळून आणतो. तुमी हितं नाव घेत बसा."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. तिची मान नाही म्हणत होती का? मला आता तसंच आठवतं. मी तिच्या मांडीवरची पिशवी घेतली, टाक काढला आणि त्याच्या हातात दिला.

पाऊण तासानं तो परतला. पिवळ्या फडक्याची गाठ, वरून भंडारा थापलेला. "घरी जाऊन देव्हाऱ्यात ठेवायचं. सात दिवस गाठ सोडायची न्हाय. सोडली तर भेट मोडती." आत्यानं गाठ कपाळाला लावली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तो आम्हाला फाट्यावरच्या गाडीला बसवायला घाई करत होता, पण आत्या अडून बसली. इतक्या लांब आलोय, आत नाही तर नाही, कळसाचं तरी दर्शन घेते. त्याला फोन आला, तो गेला, आम्ही दोघी चालत देवळात गेलो.

कुठला लेप आणि कुठलं काय! देऊळ उघडं, कुणी अडवलं नाही. पायरीवर एक म्हातारबाबा ऊन खात बसले होते. आत्यानं भंडारा उधळला तसे ते म्हणाले, "कुठून आलाव म्हातारे?"

"नगरकडून. देवाला भेटाया."

"मग नळदुर्गाला जायाचं की. देव हितं कुठाय?"

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. पण ते अगदी सावकाश सांगत होते. देव एकच, गावं दोन. वर्षातले दहा महिने देव अणदूरला, थंडीतले दोन नळदुर्गाला. पालखीतनं जातो, पालखीतनं येतो. दोन्ही गावच्या मानकऱ्यांचा लेखी करार होतो, देव ठरल्या दिवशी परत आणून द्यायचा म्हणून. "बापजाद्यापासून चालू हाय. हितल्या बारक्या पोराला बी ठावं हाय."

 आत्यानं निदान 'मी म्हटलं नव्हतं का' असं तरी म्हणायचं! ती फक्त गाठीकडे बघत होती. देव इथं नाही, तर मग टाक नेला कुणाच्या पायाशी?

"सोड," ती म्हणाली.

"सात दिवस..."

"सोड गं."

मी गाठ सोडली. भंडारा झाडला. आत टाक होता, चकचकीत, नवा. घोडा होता, म्हाळसा होती, खंडोबाला मिशा होत्या, नाक होतं, डोळे होते. मला क्षणभर वाटलं, छानच उजळलाय की. आत्यानं अंगठा फिरवला आणि खंडोबाच्या नाकावर थांबवला.

"ह्याला नाक आहे," ती म्हणाली. "आमच्याला नव्हतं. सासूबाईंच्या, माझ्या हळदीनं झिजून गेलं होतं. साठ वर्षं धुतला मी. हा आमचा नाही."

अरे देवा! पायरीवरचे बाबा उठून उभे राहिले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "आगं आई गं."

गाळ्याचं शटर बंद. समोरच्या पंक्चरवाल्यानं, सगळे त्याला बाबूभाई म्हणत, हात पुसत येऊन सगळं ऐकलं. "या अल्ला! आमी तर समजलो देवाचंच मानूस हाय. परगावचा हाय हो त्यो. दरसाल दोन महिने गाळा भाड्यानं घेतो. देव गेला की येतो, देव आला की जातो."

ते ऐकून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या दोन महिन्यांत अणदूरला कोण येणार? ज्याला इथलं काही माहीत आहे तो थेट नळदुर्गाला जाणार. इथं उतरणार फक्त ते, जे आपल्याच देवाचा पत्ता विसरलेत. त्याला गिऱ्हाईक शोधायलाच लागत नाही. जो फसेल तोच तेवढा इथं येतो! चोरी पाहिली होती, लबाडी पाहिली होती, पण माणसाच्या विसरण्यावर दुकान मांडलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

मी फोन लावला. मला वाटलं बंद असेल. नाही! उचलला. मी तोंडाला येईल ते बोलले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, गाठ सोडली का तुमी? सात दिवस सोडू नगा म्हनलं होतं. देव रुसला, रूप बदललं. आता त्याला म्या काय करू?" आणि ठेवून दिला. त्यानंतर मात्र फोन बंद. मी तशीच फोन कानाला लावून उभी. इतका निर्लज्जपणा! घाबरलाही नाही हो तो.

बाबूभाईनं दुकान बंद करून आम्हाला त्याच्या टेम्पोतून पोलिसांकडे नेलं. हवालदार बरा माणूस होता. तक्रार लिहून घेताना त्यानं विचारलं, टाकाचा फोटो आहे का? देवघरातल्या देवाचा फोटो कोण काढतं? वजन? माहीत नाही. पावती दाखवा म्हणाला. मी दिली. त्यानं वाचली आणि माझ्याकडे बघितलं. खाली बारीक अक्षरात छापलं होतं, 'टाक उजळून परत मिळाला, तक्रार नाही.' त्याखाली माझी सही. जन्मभर पोरांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' शिकवणारी मी!

"गळाला लागलाच तर कळवू," तो म्हणाला. खोटा टाक त्यानं तक्रारीबरोबर ठेवून घेतला. बाजारात शे-दीडशेला मिळतो म्हणाला, चांदीचा अंशही नाही.

दुपारी नळदुर्गाला गेलो. तिथं देव होता. नदीकाठी माणसांची रांग, भंडाऱ्यानं पिवळी जमीन, 'येळकोट येळकोट'चा गजर. लोकांच्या हातात आपापले टाक, ताटात, रुमालात. पुजाऱ्यानं आत्यासमोर हात पुढे केला, "द्या आजी, टाक द्या." आत्यानं दोन्ही रिकामे हात पुढे केले. त्यानं काय समजायचं ते समजून तिच्या हातांवर भंडारा घातला. मी मागं उभी होते. माझी वर बघायची हिंमत झाली नाही.

परतीच्या गाडीत आत्या झोपली, म्हणजे डोळे मिटून बसली. मी तीनदा माफी मागितली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "पुरे आता. बोलून येणार आहे का तो?"

घरी पोहोचलो तेव्हा सगळे ओसरीवर जमलेले. नवी सून ओटी पसरून बसलेली. मी तोंड उघडणार, एवढ्यात आत्याच म्हणाली, "गर्दीत माझ्या हातून पडला गं. किती शोधला." माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. मी गप्प बसले. खरं सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं.

त्याला आता चार महिने झाले. प्रवासाला गेलेल्या माणसानं घाट, किल्ले, चवी लिहाव्यात, फसवणुकीपासून सावध राहा असं शेवटी सांगावं आणि थांबावं. मीही तसंच लिहायला बसले होते. पण गेल्या आठवड्यात आत्याकडे गेले, तर देवघरासमोर तिची सून, म्हणजे आमच्या वहिनी, पूजेला बसल्या होत्या आणि आत्या बाहेर खुर्चीवर. मी विचारलं, तर पुण्याहून आलेला नातू मोठ्यानं, लहान पोराला सांगावं तसं म्हणाला, "आजीच्या लक्षात राहत नाही हल्ली. देव हरवते ती." पेन्शनचं पासबुकही तिच्याकडून काढून घेतलंय. आत्या माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, चहा घे.

मी चहा घेतला. तिथंही बोलले नाही.

वहिनी, हे छापलेलं मासिक तुमच्या घरी येईल तेव्हा आधी तुम्हीच वाचाल, म्हणून तुम्हालाच सांगते. टाक आत्यानं हरवला नाही. तिनं मला दोनदा अडवलं होतं, एकदा तोंडानं, एकदा मानेनं. तिच्या मांडीवरून पिशवी मी ओढून घेतली आणि टाक माझ्या हातानं त्या माणसाला दिला. उद्याची पूजा तिला करू द्या.