सोबतीचा चहा

बाबांचं डायलिसिस भंडाऱ्याच्या मोठ्या हॉस्पिटलात सुरू झालं, तेव्हा मी तिथल्याच एका कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे डॉक्टर काय सांगतात ते समजून घ्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. खरं तर मलाही सगळं समजत नव्हतं. मी मान हलवायची, आणि बाहेर आल्यावर जेवढं उमगलं तेवढं बाबांना सांगायची.

आमचं गाव सिहोऱ्याजवळ. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळची एसटी धरून आम्ही तुमसरला यायचो, तिथून भंडाऱ्याला. मला आधी वाटायचं, एवढा मोठा आजार म्हणजे भरती व्हावं लागणार. तसं नव्हतं. यायचं, चार तास मशीनला जोडून पडायचं आणि संध्याकाळी आपल्या घरी जायचं. डोळे तपासणारे, छातीचे फोटो काढायला आलेले, पोट सांभाळत बसलेल्या बाया, अशा सगळ्या गर्दीतून वाट काढत आम्ही टोकाच्या त्या थंड खोलीत जायचो. तिथे थंडी वाजते म्हणून प्रत्येक जण घरून पांघरूण आणायचा. बाबा आईने शिवलेली वाकळ न्यायचे. काही दिवसांनी तिथली माणसं मला नावाआधी पांघरुणावरून ओळखू येऊ लागली.

मशीनला जोडण्याआधी वजन व्हायचं. मागच्या वेळेपेक्षा वजन जेवढं वाढलं, तेवढं पाणी अंगात साचलं, असा तो हिशेब.

“काका, पुन्हा वाढलंय,” सिस्टर म्हणायची.

“मी तं पाणी मोजूनच पेतो, बाई.”

ते खोटं बोलत नव्हते. आई सकाळी एक बाटली भरून ठेवायची, आणि बाबा दिवसभर तीच बाटली पुरवून पुरवून प्यायचे. तरी वजन वाढायचं. मग मशीनला जास्त पाणी ओढावं लागायचं आणि बाबांच्या पायात गोळे यायचे. ते पलंगाची कड घट्ट धरायचे, ओरडायचे मात्र नाहीत. मी पोटऱ्या चोळत राहायची.

एकदा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. “एका वेळी इतकं पाणी काढणं त्यांच्या हृदयाला झेपत नाही. असंच चाललं तर छातीत पाणी भरेल. मग इथवर पोचायलाही उशीर होईल.” त्या दिवशी मात्र मला सगळं समजलं.

पाणी कुठून येतं, ते मला कॉलेजच्या सुट्टीत दिवसभर घरी राहिले तेव्हा दिसलं. बाबा सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीवर, खाटेवर बसलेले असायचे. शेतावर जाणारा-येणारा प्रत्येक जण तब्येत विचारायला वळायचा. कोणी आलं की आई चहा ठेवायची, आणि आलेल्या माणसाने एकट्याने चहा प्यायचा नाही, घरच्या मोठ्या माणसाने सोबत करायची, ही आमच्याकडची रीत. बाबा प्रत्येकाबरोबर अर्धा कप घ्यायचे. आजार मोठा, म्हणून भेटायला येणारेही पुष्कळ.

“बाबा, चाय बी पाणीच असते,” मी चाचरत म्हटलं.

“अवं, घोटभर तं हाय.”

“सगळ्यायचे घोट मिळून किती होते?”

“मंग काय करू? माणूस एवढ्या उन्हात मले पाहाले आला, अन् मी त्याच्यासमोर तोंड बांधून बसू?”

समोरच बाबांचे एक जुने मित्र बसले होते. आमची बांधी, म्हणजे धानाचं शेत, त्यांच्या बांधीला लागून. रोवणी दोन्ही घरं मिळूनच करायची. मी त्यांना काका म्हणते. ते हसून म्हणाले, “पाह्य गा, पोरगी कालेजात काय गेली, बापाची चायच बंद करून रायली! पे तू. मशीन कायले हाय मंग?”

सगळे हसले. बाबाही हसले आणि त्यांनी कप तोंडाला लावला. मोठ्यांसमोर मला पुढे बोलता आलं नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी काका आमच्यासोबत निघाले. त्यांना डोळे दाखवायचे होते. तुमसर सुटल्यावर बाबांना धाप लागली. मागे टेकलं की श्वास कोंडायचा, म्हणून ते पुढच्या सीटचा दांडा धरून वाकून बसले. काका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. कंडक्टरने गाडी स्टँडवर न नेता हॉस्पिटलच्या फाटकाशी उभी केली. तिथे आधी ऑक्सिजन लावला, मग मशीन.

काका डोळ्यांच्या रांगेत गेलेच नाहीत. दारातून ते नळ्यांकडे बघत होते.

“पोरी, हे काय करून रायले?”

“पाणी काढून रायले, काका. आपल्या घरी पेलेली चाय इथं अशी काढा लागते.”

मी पहिल्यांदाच त्यांच्याशी असं बोलले. ते बाकावर बसले आणि त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं.

काका गावात काय बोलले ते माहीत नाही. पण त्या दिवसापासून आमच्याकडे कोणी चहा घेईना. “आत्ताच पिऊन आलो,” म्हणायचे, तब्येत विचारून उठायचे. बाबांना धाप लागेना, पायात गोळे येईनात. तरी त्यांचं तोंड उतरलेलं असायचं. एका संध्याकाळी ते आईला म्हणाले, “आपल्या घरची चाय कोणी पेत नाही आता. मी जित्ता हावो ना?”

आईने त्यांची पाण्याची बाटली उशाशी आणून ठेवली.

मग एका सोमवारी काका आले आणि नेहमीप्रमाणे उठू लागले. बाबांनी त्यांचा हात धरला. “बस. चाय घेऊन जाय.” आणि आत बघून म्हणाले, “दोन कप आण वं. माहा रिकामा आण.”

आईने तसंच केलं. बाबांनी रिकामा कप दोन्ही हातांत धरला. काका आपल्या चहाकडे बघतच राहिले.

“पे ना बे,” बाबा म्हणाले. “थंडी होऊन रायली. मी हावो ना सोबत.”

काका हळूहळू चहा प्यायले. त्यांचा संपेपर्यंत बाबांनी कप खाली ठेवला नाही. नंतर आईने दोन्ही कप धुतले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. बाबा वजनकाट्यावर उभे राहिले. सिस्टरने आकडा पाहिला, वहीत लिहिला. “काका, आजही छान आहे.”

बाबांनी मान हलवली, वाकळ काखेत घेतली आणि ते आपल्या पलंगाकडे गेले.